नीरेच्या पाण्यावर पहिली होडी

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, कापूरहोळ अशी ओळखीची नावे मागे पडत जातात. सारोळ्याच्या पुढे नीरेवरचा पूल लागतो आणि पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा सुरू होतो. पूल ओलांडला की शिरवळ. बहुतेक प्रवासी इथे चहासाठी थांबतात आणि खंबाटकीचा घाट डोळ्यांसमोर ठेवून लगेच पुढे जातात. वाचकहो, आपण मात्र डावीकडे वळावे. काही किलोमीटरच्या आत वीर धरणाचा फुगवटा पसरलेला दिसतो. तोंडल, भोळी, लोणी अशी लहान गावे त्याच्या अलीकडच्या काठाने वसली आहेत. पलीकडे पुरंदर तालुका आणि म्हस्कोबाचे वीर. हिवाळ्यात इथे चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात. सकाळी आठपर्यंत पाणी इतके निश्चल असते की समोरच्या टेकडीचे प्रतिबिंब कुठे मोडत नाही.

या पाण्याविषयी आरोग्याच्या पाक्षिकात लिहिण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. प्रश्न विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले, नुकतेच निवृत्त झालेले असतात. लहानपणी नदीकाठी गळ टाकलेला असतो, नंतर चाळीस वर्षे कचेरीत गेलेली असतात. आता हाती वेळ आहे, थोडे पैसे आहेत आणि एक छोटी होडी घ्यावी, दोन दिवस तंबू ठोकून राहावे, मासे धरावेत अशी इच्छा आहे. सोबत आलेला मुलगा किंवा सून डॉक्टरांकडे ज्या नजरेने पाहते, तिचा अर्थ ‘तुम्ही तरी नाही म्हणा’ असा असतो. मी सहसा नाही म्हणत नाही. कोणती होडी, हा प्रश्न त्यांना विचारतो. बंदीपेक्षा निवड अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत आहे. दूरदर्शन संचासमोर बसून गेलेली दहा वर्षेही गुडघ्यांना, मनाला आणि रक्तातल्या साखरेला महाग पडतात. ती किंमत एकदम मोजावी लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

होडी म्हणजे इथे कॅनू. वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, आत बाकासारखी बैठक असलेली आणि हातात धरलेल्या वल्ह्याने पुढे तोंड करून चालवायची. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबच्या रेगाटात ज्या लांब, सडपातळ होड्या दिसतात, त्यांत वल्हवणारा पाठमोरा बसतो. त्या शर्यतीच्या होड्या. सांगलीला कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात, त्यांचेही गणित वेगाचे असते. आपल्याला वेग नको आहे. आपल्या नद्यांवर स्थिरतेची युक्ती लोकांनी पूर्वीच शोधली होती. कृष्णाकाठी गुळाची काहील पाण्यात ढकलून पैलतीर गाठणारी माणसे होती. काहील सरळ चालत नाही, गरगर फिरते. पण तिचा तळ रुंद असल्यामुळे ती सहजी कलंडत नाही. आजही फुगवट्यावर स्थानिक मच्छीमार पत्र्याच्या सपाट होड्या, थर्माकोलचे तराफे, हवा भरलेल्या ट्यूबा वापरताना दिसतात. तराफा किंवा ट्यूब आपण वापरावी, असे मी मुळीच सुचवत नाही. त्यांचे हातपाय तिशीचे आणि सवय रोजची असते.

कॅनू पाहायला गेलात की विक्रेता लांबी, रंग आणि वेग सांगतो. आपण प्रथम रुंदी विचारावी. मध्यभागी ३३ ते ३८ इंच रुंद आणि तळ जवळजवळ सपाट असेल, तर पाय ठेवताच ती डचमळत नाही. गोल तळाची होडी लाटांत कसलेल्या माणसाला अधिक चांगली साथ देते, परंतु नवख्याला तिच्यात बसल्याबसल्या घाम फुटतो. सपाट तळाचाही एक दोष आहे. ती बराच वेळ स्थिर राहते आणि एका मर्यादेपलीकडे कलली की फारशी पूर्वसूचना न देता उलटते. म्हणून तिच्या काठावरून बाहेर वाकणे, मासा ओढताना एका कुशीवर झुकणे या गोष्टी टाळाव्या लागतात. मासा मोठा असला की ते विसरायला होते. वीरच्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ, मरळ सापडतात, आणि चांगल्या वजनाचा कटला ओढ घेऊ लागला की भल्याभल्यांचे भान सुटते.

दुसरा प्रश्न बैठकीचा. कॅनूची बैठक तळापासून साधारण नऊ ते बारा इंच उंच असते, म्हणजे आपल्या घरातल्या चौरंगाएवढी. दुकानात जाण्यापूर्वी घरी एक परीक्षा करावी. चौरंगावर बसावे, दोन्ही बाजूंना स्टूल ठेवून त्यांवर हात टेकावेत आणि पाच वेळा उठून बसावे. चौथ्या वेळी गुडघा कुरकुरला, श्वास लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर होडीची खरेदी तीन महिने पुढे ढकलावी आणि ते तीन महिने मांड्यांच्या स्नायूंना द्यावेत. हीच हालचाल रोज करणे हा त्यावरचा साधा व्यायाम आहे. अंधारी येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा कमी-जास्त करावी लागेल.

कयाक आणि कॅनू यांतला फरकही इथे महत्त्वाचा ठरतो. कयाकमध्ये पाय समोर लांब करून जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखे बसावे लागते. कंबरेच्या मणक्यांचा त्रास किंवा सायटिका असलेल्यांना अर्ध्या तासात ती बैठक नकोशी होते. खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर इतके खाली बसणे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. कॅनूच्या जुन्या पद्धतीत गुडघे टेकून वल्हवतात. त्याने होडी अधिक स्थिर होते हे खरे, पण झिजलेल्या किंवा बदललेल्या गुडघ्यांवर तो प्रयोग नको. बैठक एक-दोन इंच खाली बसवून घेणे हा मधला मार्ग. कॅनूमध्ये सामानही भरपूर मावते, आणि तंबू, पाण्याचे कॅन, पातेली यांच्यासह दोन दिवस राहायचे तर ते हवेच. दोघांसाठी १५ ते १६ फुटांची होडी पुरेशी होते. निर्मात्याने सांगितलेली भार वाहण्याची कमाल क्षमता खरी मानू नये. तिच्या निम्म्याच्या आसपास थांबावे.

२०१९ च्या महापुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला जे घडले, ते आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. जीव वाचवायला निघालेली माणसेच क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या होडीत बसली होती. तो पूर होता आणि आपली सहल आहे, हे मान्य. पण बुडण्याचे गणित तेच आहे. होडीचा काठ आणि पाणी यांत किमान वीतभर अंतर राहिले पाहिजे, आणि नातवंडांपैकी ‘एक जण मांडीवर बसेल’ हे वाक्य तिथे चालत नाही.

आता वजन. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ते शेवटच्या ओळीत असते आणि माझ्या मते ते पहिल्या ओळीत हवे. जाड प्लास्टिकची दोघांची कॅनू ३५ ते ४० किलोपर्यंत जाते, कधी त्याहूनही अधिक. अॅल्युमिनियमची तीस-पस्तीसच्या घरात, फायबरग्लासची त्याहून थोडी हलकी, हवा भरायची बहुधा १२ ते १८ किलो. पाण्यात शंभर किलोही हलके वाटतात. खरी कसोटी मोटारीच्या टपावरून होडी उतरवताना आणि दिवसभराच्या उन्हानंतर ती पुन्हा वर चढवताना लागते. खांद्याचा स्नायू फाटणे, कंबरेत उसण भरणे, हर्निया वाढणे या सगळ्या गोष्टी पाण्यावर कमी आणि मोटारीशेजारी जास्त घडतात. दोघांपैकी जो अशक्त, त्याला निम्मे वजन कमरेपर्यंत उचलून दहा पावले चालता आले पाहिजे. नसेल येत, तर हलकी होडी घ्यावी किंवा होडीखाली बांधायची दोन चाकांची गाडी घ्यावी. ती चाके लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हे.

हलकी म्हणून हवेची होडी घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. तिच्यात पाण्यातून परत चढणे सोपे, ती घरातल्या कपाटात मावते आणि जिन्यावरून नेता येते. परंतु शिरवळच्या काठावर बाभूळ आणि वेडी बाभूळ आहे. पाणी उतरते तेव्हा बुडलेली खोडे आणि काटे पृष्ठभागाजवळ येतात. त्यात आपल्या हातात गळ. चांगल्या जाड कापडाची, वेगवेगळे कप्पे असलेली घेतली तर चालते. खेळण्याच्या दुकानातली नको. वाऱ्यात ती पानासारखी वाहत जाते, हेही लक्षात ठेवावे. फायबरग्लासची होडी आपल्या काळ्या खडकावर घासली की चिरते, मात्र फायबरचे काम करणारा कारागीर ती सहज दुरुस्त करतो. अॅल्युमिनियम एप्रिलमध्ये तव्यासारखे तापते आणि वल्हे आपटले की घणाचा आवाज होतो, मासे दूर जातात. नवख्याला मी फायबरग्लासची रुंद होडी सुचवेन. खर्च करण्यापूर्वी एकदा भाड्याने घेऊन पाहावी. पवना, मुळशीच्या तलावांकाठी काही तंबूतळांवर कयाक मिळतात, कॅनू क्वचित. कयाकमध्ये बसूनही आपले खांदे आणि कंबर काय म्हणतात ते कळतेच.

पण होडी कितीही चांगली असली, तरी धोक्याची जागा पाण्याच्या मधोमध नसते. ती काठावर असते. वीर धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांना जाते, आणि वरून भाटघर, नीरा देवघर यांचे पाणी खाली येते. आवर्तन सुरू झाले की पातळी उतरते आणि काल जिथे खडक होता तिथे आज गुडघाभर चिखल उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो, पाय ठेवला की आत जातो. सत्तरीतल्या माणसाचा एक पाय चिखलात आणि दुसरा डुलणाऱ्या होडीत असला, की खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरे. म्हणून उतरण्याची जागा आधी चालत जाऊन पाहावी, हातात काठी असावी. मुरमाड किंवा खडकाळ उतार शोधावा. एक फळी सोबत ठेवावी. होडी अर्धी काठावर ओढून ठेवून मागच्या टोकाकडून आत शिरू नये, कारण तशी ती सर्वांत जास्त डुलते. ती पूर्ण पाण्यात, काठाला समांतर असावी. एकाने ती धरावी, दुसऱ्याने दोन्ही हात तिच्या दोन्ही कडांवर ठेवून, वाकून, मधल्या रेषेवर पाय टाकून बसावे. उतरताना क्रम उलटा. हे आठ-दहा वेळा घोट्याएवढ्या पाण्यात करून पाहावे, मग वल्ह्याला हात लावावा.

मधुमेह असलेल्यांनी त्या पाण्यात अनवाणी उतरू नये. तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. शिंपला, काटा किंवा तुटलेला गळ रुतलेला कळत नाही आणि आठ दिवसांनी जखम घेऊन ते दवाखान्यात येतात. पायात घट्ट बसणारे, पाणी निघून जाणारे बूट हवेत. गमबूट नकोत, ते पाण्याने भरतात. गळ बोटात शिरला तर ओढून काढू नये. त्याला उलटा काटा असतो, तो मांस फाडतो. दोरा कापून, गळ तसाच ठेवून डॉक्टरांकडे यावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आठवावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर साधी वाटणारी जखमही दाबून धरावी लागते.

एक विषय सभ्य गप्पांत येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. प्रोस्टेटची तक्रार असलेले पुरुष आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे स्त्री-पुरुष होडीत जायचे म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी त्यांना चक्कर येते, रक्तदाब घसरतो, कधी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. काही पुरुष घाईने होडीत उभे राहतात, आणि उभे राहिल्यावर तोल जाणे हे पाण्यात पडण्याचे नेहमीचे कारण आहे. रुंद तोंडाची, झाकणाची बाटली सोबत ठेवावी, बसूनच वापरावी किंवा दर तासाला काठाला लागावे. सकाळची लघवीची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यायची, ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आपल्या मनाने बंद करू नये. शिरवळ गावात जुनी दगडी पाणपोई आहे. वाटसरूला तहान लागण्याआधी पाणी मिळावे, ही तिच्यामागची जाण उन्हातल्या म्हाताऱ्या शरीराला फार लागू पडते, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. घड्याळ पाहून पाणी प्यावे.

वारा हा या तलावाचा दुसरा मालक आहे. मार्चनंतर दुपारी पश्चिमेचे वारे सुटते आणि पाणी पूर्वेकडे, धरणाच्या दिशेने रेटू लागते. सकाळी सुखाने पूर्वेकडे गेलेल्या माणसाला परतताना थकल्या हातांनी वाऱ्याशी झुंजावे लागते. त्याऐवजी सकाळी पश्चिमेकडे, शिरवळच्या बाजूला जावे. परतताना वारा आपला. संथ पाण्यात वल्हवणे हे चालण्याएवढेच श्रमाचे आहे, वाऱ्याविरुद्ध मात्र ते जिना चढण्यासारखे होते. न थांबता दोन मजले चढताना छातीत दडपण येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. स्टेंट असल्यास हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग दाटले की काठाला यावे, वाद नको. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला निघालेली होडी अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. पोहता येणारा एक जण काठाला पोहोचला. आपल्यापैकी कितींना सत्तरीत तेवढे पोहता येईल?

म्हणून जीवरक्षक जाकीट होडीच्या आधी विकत घ्यावे. आपल्या छातीच्या मापाचे, पट्टे आवळल्यावर खांदे धरून वर ओढले तरी हनुवटीपर्यंत न सरकणारे. ते अंगात हवे. बैठकीखाली ठेवलेले जाकीट बुडणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. खोल पाण्यात उलटलेल्या होडीत वृद्ध माणूस परत चढू शकत नाही, असे गृहीत धरावे. त्यामुळे काठापासून फार दूर जाऊ नये, शक्यतो दोन होड्यांनी जावे आणि होडी उलटली तर ती सोडू नये. पावसाळ्यात, वरच्या धरणांतून विसर्ग चालू असताना, नदीच्या अंगाला जाण्याचा विचारही नको. तलावातील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात. स्थानिक मच्छीमार संस्थेला आणि जलसंपदा विभागाच्या कचेरीत आधी विचारावे. त्या मच्छीमारांशी ओळख झाली की चिखल कुठे, खोडे कुठे हेही कळते.

रात्री राहायचे तर हिवाळा उत्तम. डिसेंबरच्या पहाटे नीरेच्या खोऱ्यात चांगलीच थंडी पडते, दम्याच्या रुग्णांनी फवारा उशाशी ठेवावा. तंबू पूर्ण चेन असलेला हवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तो दंश कित्येकदा कळतही नाही. इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. मातीच्या ओल्या मडक्यात, पिशवीत गुंडाळून ठेवले तर ते टिकते. वल्हवण्याआधी खाल्लेले असावे आणि खिशात साखर असावी.

फिरणे पाण्यावरच संपायला हवे असे नाही. शिरवळला नीरेच्या काठी सुभानमंगळ या भुईकोटाचे अवशेष आहेत. १६४८ मध्ये फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी इथे लढाई झाली. जवळच नायगाव, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. गुडघ्यांनी नकार दिलेल्या जोडीदाराला हे दिवसभर पुरते.

काठावर थांबणाऱ्या माणसासाठी एक कागद लिहून ठेवावा: आजारांची व गोळ्यांची नावे, रक्तगट, निघण्याची जागा, दिशा आणि परतण्याची वेळ. त्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहायची, मग आधी मच्छीमारांना हाक मारायची आणि १०८ ला फोन करायचा. फोन दोघांकडे असावा, होडीतला पाण्यापासून जपलेल्या पिशवीत, गळ्यात. सुनेने किंवा मुलाने पहिल्या दोन फेऱ्यांना काठावर बसावे. तिसऱ्या फेरीला बहुधा तीही होडीत जागा आहे का, विचारते. तेव्हा तिच्या मापाचे जाकीट आहे का, तेवढे आधी पाहावे.